उष्णतेचा ताळेबंद आणि लकडगंजातील हमाल

नागपूरच्या पूर्व अंगाला, इतवारीची दाट वस्ती ओलांडून भंडारा रस्त्याच्या दिशेने निघाले म्हणजे लकडगंज लागते, आणि तेथे गोल लाकडांचे थर, कापलेल्या फळ्यांच्या थप्प्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या बल्ल्या व वासे आणि त्यांच्या आडून अखंड चालणारा आरागिरण्यांचा कर्कश नाद यांनी माणसाच्या डोळ्यांचा आणि कानांचा ताबा घेतलेला असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांतून येणारे सागवान ट्रकांतून येथे उतरते, आणि ते उतरविण्याचे, घनफुटांत मोजण्याचे, आऱ्याखाली सरकविण्याचे आणि पुन्हा गाडीत भरण्याचे काम वर्षाच्या बाराही महिन्यांत, म्हणून वैशाख-ज्येष्ठातही, माणसाच्याच खांद्यावर चालते. ज्या शहराच्या वेधशाळेने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सियस तापमानाची नोंद केली, ज्या शहरात सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरच्या नऊ दिवसांस नवतपा असे नाव देऊन लोक त्या दिवसांत कामाशिवाय उंबरठा ओलांडीत नाहीत, त्याच शहरात डोक्याला दुपट्टा गुंडाळून, घामावर चिकटलेल्या भुशासह, चार हमाल एक ओंडका पहारींनी रेटीत असतात. आणि त्या सगळ्या अवधीत, बाहेरची हवा अंगापेक्षा सात-आठ अंशांनी अधिक तापलेली असूनही, त्यांच्या शरीराच्या गाभ्याचे तापमान ३७ अंशांच्या फार तर एखाद-दुसरा अंश वर असते. हे स्थैर्य कसे राखले जाते, ते कोणत्या मर्यादेपर्यंत राखले जाऊ शकते आणि ती मर्यादा ओलांडली जाण्यापूर्वी तिचा अंदाज कागदावर करता येतो काय, हा शरीरक्रियाशास्त्रातील एक अत्यंत सुंदर प्रश्न आहे, आणि नागपूरकरांच्या दृष्टीने तो जिवाचाही प्रश्न आहे.

शरीरातील एखाद्या व्यापाराचे गणिती प्रतिमान रचणे म्हणजे त्या व्यापारात जे जे येते, जे जे जाते आणि जे जे साठते त्याला संख्येचे रूप देऊन त्यांच्यातील संबंध समीकरणांनी बांधणे, आणि मग त्या समीकरणांना असा प्रश्न विचारणे, की जो प्रत्यक्ष माणसावर प्रयोग करून विचारणे अशक्य किंवा अमानुष ठरले असते. रक्ताभिसरणाचा सिद्धांत विल्यम हार्वी याने १६२८ साली मांडला तेव्हा हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त आणि तासाभरातील ठोके यांचा साधा गुणाकार हाच त्याचा एक बिनतोड पुरावा होता. मज्जातंतूतून धावणाऱ्या विद्युत्संदेशाची समीकरणे हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली दिली. परंतु उष्णतेच्या हिशेबाइतके आबालवृद्धांच्या अनुभवास भिडणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल, आणि त्याची परंपराही फार जुनी आहे.

इटलीतील पादुआ येथील सांक्टोरिअस नावाच्या वैद्याने तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून, खाल्लेल्या अन्नाचे, प्यालेल्या पाण्याचे आणि बाहेर टाकलेल्या मलमूत्राचे वजन वर्षानुवर्षे केले, आणि आत गेलेल्या व दृश्य रीतीने बाहेर पडलेल्या वस्तूंचा मेळ बसत नाही, मोठा वाटा अदृश्य रूपाने त्वचेतून व श्वासातून निघून जातो, हा निष्कर्ष १६१४ साली प्रसिद्ध केला. त्याच्या पश्चात दीड शतकाने, १७७५ साली, लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्याचे मित्र मुद्दाम तापविलेल्या खोलीत शिरले. पाणी ज्या तापमानास उकळते त्याहूनही अधिक तापलेल्या, १२० अंश सेल्सियसच्या वर गेलेल्या कोरड्या हवेत ब्लॅग्डेन काही मिनिटे राहिला. त्याच खोलीत ठेवलेली अंडी कडक झाली, मांसाचा तुकडा शिजून निघाला, आणि ब्लॅग्डेनचे स्वतःचे शरीर मात्र आपल्या नित्याच्या तापमानापासून फारसे ढळले नाही. मृत मांस शिजते आणि जिवंत मांस शिजत नाही, या विलक्षण भेदाचे श्रेय बाष्पीभवनाला दिले पाहिजे, हे तेव्हापासून उमगू लागले. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या थोड्या उपकरणांनिशी इतके मोठे सत्य हस्तगत झाल्याचे प्रसंग मोजकेच आहेत, असे मला वाटते.

आता लकडगंजातील एका हमालाचा ताळेबंद मांडून पाहू. त्याचे वजन ६० किलो आणि उंची १६५ सेंटिमीटर धरली तर, १९१६ साली ड्यू बॉय यांनी दिलेल्या आणि अद्यापही रुग्णालयांत चालणाऱ्या सूत्रानुसार, त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.६६ चौरस मीटर भरते. उष्णतेची सारी देवघेव या एवढ्याशा पृष्ठभागावरून व्हावयाची असते. स्वस्थ बसलेला असताना त्याच्या चयापचयातून सुमारे १०० वॅट, म्हणजे एका जुन्या मोठ्या दिव्याइतकी, उष्णता निर्माण होते. ओंडके रेटताना तीच ४०० वॅटपर्यंत चढते, आणि मानवी स्नायू आपल्या खर्चाचा फार थोडा हिस्सा प्रत्यक्ष कामात उतरवू शकत असल्यामुळे त्यातील सुमारे ५० वॅट लाकडाच्या हालचालीत गेले असे मानले तरी ३५० वॅट अंगातच राहतात. मे महिन्यातील दुपारी हवा ४४ अंशांवर असते आणि घामेजलेली त्वचा ३६ अंशांच्या आसपास. त्यामुळे एरवी ज्या अभिसरणाने व प्रारणाने शरीर आपली उष्णता बाहेर टाकते, तोच मार्ग उलटा वाहू लागतो, आणि मंद वाऱ्यात दर अंशामागे दर चौरस मीटरला सुमारे ११ वॅट या दराने हवा व तापलेला परिसर मिळून १४५ वॅटची आणखी भर अंगावर घालतात. थेट उन्हाचे म्हणून आणखी १०० वॅट धरू. बेरीज ६०० वॅटच्या घरात जाते.

या ६०० वॅटना बाहेर जाण्यास एकच दरवाजा उघडा उरतो, तो घामाचा. एक ग्रॅम घाम त्वचेवरून वाफ होऊन जाताना सुमारे २,४२५ ज्यूल उष्णता बरोबर नेतो, हा पाण्याचा अप्रकट उष्मा. भागाकार केला असता तासाला सुमारे ९०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक लिटर घाम पूर्णपणे वाळला पाहिजे, तरच हिशेब मिटतो. उष्ण हवेस सरावलेला निरोगी मनुष्य तासाला एक ते दीड लिटर घाम गाळू शकतो, म्हणून हे शक्य कोटीतले आहे. पण आठ तासांच्या रोजंदारीत ते सात लिटर पाणी होते, आणि तेवढे पाणी घोटाघोटाने परत पोटात गेले नाही तर दुपार कलण्यापूर्वीच हा दरवाजा अरुंद होऊ लागतो. तो साफ बंद झाला तर काय होईल, याचेही उत्तर ताळेबंद देतो. ६० किलो शरीराला एक अंशाने तापविण्यास सुमारे २०८ किलोज्यूल लागतात, आणि ६०० वॅटच्या दराने ती उष्णता सहा मिनिटांत जमते. गाभ्याचे तापमान ४० अंशांवर गेले आणि मेंदूचे व्यापार बिघडले म्हणजे वैद्यकशास्त्र त्या अवस्थेस उष्माघात म्हणते. ३७ आणि ४० यांत अंतर तीन अंशांचे, म्हणजे या हिशेबाने अठरा मिनिटांचे आहे. एखादा धडधाकट माणूस चहाच्या सुट्टीपर्यंत ठीक होता आणि नंतर एकाएकी कोसळला, असे जे सांगितले जाते, त्यात अतिशयोक्ती नसते.

घाम येणे आणि घाम वाळणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या लेखाचे सारे मर्म या भेदात साठविलेले आहे. नागपुरात घरोघरी असलेला कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर नुसती ओलसर हवा अंगावर फेकू लागतो, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे; वाळ्याच्या ताट्यांवरून झिरपणारे पाणी बाहेरची हवा कोरडी असली तरच वाफ होऊन उष्णता शोषते, आणि माणसाच्या त्वचेचा कारभार हुबेहूब या कूलरसारखा चालतो. त्वचेलगतच्या बाष्पाचा दाब आणि हवेतील बाष्पाचा दाब यांच्यातील फरक जेवढा मोठा, तेवढे बाष्पीभवन जलद. छत्तीस अंशांच्या ओल्या त्वचेवर हा दाब सुमारे ५.९ किलोपास्कल असतो. मे महिन्यात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना हवेतील बाष्पदाब जेमतेम १.४ किलोपास्कल भरतो, म्हणजे फरक साडेचाराहून थोडा अधिक. आणि जून महिन्यात, मृग लागून गेल्यावर एखाद्या उघाडीच्या दिवशी, ३६ अंश तापमान व ६५ टक्के आर्द्रता असेल तर हवेतील बाष्पदाब ३.९ पर्यंत चढतो आणि फरक २.१ वर येतो. मंद वाऱ्यात, अंगात जाड कपडा नाही असे धरून, प्रत्येक किलोपास्कलमागे दर चौरस मीटरला सुमारे १०० वॅट बाष्पीभवनाने जाऊ शकतात. म्हणजे मे महिन्यात आपल्या हमालाची कमाल ऐपत सुमारे ७६० वॅटची झाली, आणि जून महिन्यात ३५० वॅटची.

आता दुसरी बाजू पाहावी. मे महिन्यात त्याला ६०० वॅट बाहेर टाकावयाचे होते. जून महिन्यात हवा आणि त्वचा यांचे तापमान सारखेच असल्यामुळे हवेकडून भर पडत नाही, ढगांमुळे उन्हाचा वाटाही निम्मा म्हणजे ५० वॅट धरला, तरी स्नायूंचे ३५० मिळून ४०० वॅट बाहेर जाणे आवश्यक आहे. पिट्सबर्ग येथील बेल्डिंग आणि हॅच या दोघा संशोधकांनी १९५५ साली आवश्यक बाष्पीभवनास शक्य बाष्पीभवनाने भागून जो उष्णताभार-निर्देशांक सुचविला, तो या दोन दिवसांस लावला असता मे महिन्यातील ४४ अंशांचा दिवस शंभरास ७९ येतो आणि जून महिन्यातील ३६ अंशांचा दिवस शंभरास ११४. ज्या दिवसाने वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत जागा घेतली तो दिवस पाणी, सावली आणि विश्रांती यांच्या आधाराने निभावता येण्यासारखा होता; आणि ज्या दिवशी पारा आठ अंशांनी उतरला म्हणून मुकादमाने सुटकेचा निःश्वास टाकून दुपारची सुट्टी आटोपती घेतली, त्या दिवशी ताळेबंद जुळतच नव्हता. ५० वॅटच्या दराने शिल्लक शरीरात साचत राहिली तर एक अंश चढण्यास सत्तर मिनिटे पुरतात. त्वचा अधिक तापून तो वेग काहीसा मंदावतो हे खरे, परंतु सकाळी कामाला लागलेला माणूस दुपारपर्यंत धोक्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपतो, हेही तितकेच खरे. त्या दिवशी त्याच्या अंगावरून घामाच्या धारा लागलेल्या दिसतात, आणि बघणाराला वाटते की शरीर आपले काम चोख करीत आहे. पण हनुवटीवरून टपकून मातीत पडलेला घाम अंगातील पाणी आणि मीठ तेवढे घेऊन जातो, उष्णता नेत नाही.

ही गोष्ट नवीन नाही, याचेच वाईट वाटते. जॉन स्कॉट हॉल्डेन याने, ज्याचा पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारताचा नागरिक होऊन १९६४ साली भुवनेश्वर येथे वारला, कॉर्नवॉलच्या खाणीत आणि प्रयोगशाळेतील उष्ण हवेत केलेली निरीक्षणे १९०५ साली प्रसिद्ध केली. आणि माणसाच्या सोसण्याची सीमा साध्या तापमापकावरून ठरत नसून, ज्याच्या फुग्याभोवती ओले कापड गुंडाळले आहे अशा तापमापकावरून ठरते, असे त्याने दाखविले. स्थिर हवेत हे ओल्या फुग्याचे तापमान ३१ अंशांच्या पलीकडे गेले म्हणजे शरीराचे तापमान चढू लागते, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या मे महिन्यातील ४४ अंशांच्या दिवसाचे ओल्या फुग्याचे तापमान २३ अंशांच्या आसपास येते, आणि जून महिन्यातील ३६ अंशांच्या दिवसाचे ३० अंशांच्या आसपास. शेरवुड आणि ह्यूबर यांनी २०१० साली ३५ अंश ही मानवी शरीराची सैद्धांतिक सीमा म्हणून मांडली, तेव्हा जगभर तिचा गवगवा झाला. परंतु अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात तरुण व निरोगी माणसांना उष्ण दमट हवेच्या खोलीत हलकी हालचाल करावयास लावून जी मोजणी झाली, तिचे २०२२ साली प्रसिद्ध झालेले उत्तर पुन्हा ३१ अंशांच्याच आसपास आले. एकशे सतरा वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन मोजण्यांचा हा मेळ शास्त्राच्या दृष्टीने समाधानाचा आहे.

आतापर्यंतच्या हिशेबात आपण शरीराला एकसंध, सर्वत्र सारख्या तापलेल्या वस्तूप्रमाणे वागविले. प्रत्यक्षात यकृत, स्नायू, चरबी आणि बोटांची टोके यांची तापमाने निरनिराळी असतात, आणि त्यांच्यात उष्णतेची वाहतूक रक्त करते. हॅरी पेनेस याने १९४८ साली प्रयोगास तयार झालेल्या माणसांच्या दंडाखालच्या भागात, कोपरापासून मनगटापर्यंत, तापमानाची सूक्ष्म मोजणी करून रक्ताने आणलेली उष्णता रक्तप्रवाहाच्या मात्रेशी आणि धमनीतील रक्त व भोवतालचा ऊतक यांच्या तापमानांतील फरकाशी कशी बांधलेली आहे, याचे समीकरण दिले. अर्बुदाला उष्णता देऊन नष्ट करण्याचे आजचे उपचारही त्याच समीकरणाच्या आधाराने आखले जातात. पुढे अमेरिकेतील न्यू हेवन येथील पिअर्स प्रयोगशाळेत गॅग व त्याच्या सहकाऱ्यांनी शरीराचे गाभा आणि त्वचा असे दोनच भाग कल्पून एक सुटसुटीत प्रतिमान १९७१ साली रचले, आणि त्याच सुमारास त्याच प्रयोगशाळेतील स्टोलविक याने अंतराळवीरांच्या सोयीसाठी डोके, धड, बाहू, हात, पाय आणि पावले या सहा अवयवांचे प्रत्येकी चार थर आणि पंचविसावे मध्यवर्ती रक्त असे पंचवीस भागांचे प्रतिमान तयार केले. या प्रतिमानांत केवळ भौतिकशास्त्र नाही; त्यांत मेंदूचा अंमलही आहे. हायपोथॅलॅमस या अवयवाकडे गाभ्याच्या व त्वचेच्या तापमानाचे दाखले सतत येत असतात, आणि ठरलेल्या पातळीपासून ते जितके ढळतील त्या प्रमाणात घाम वाढविण्याचे आणि त्वचेतील रक्तवाहिन्या रुंद करण्याचे हुकूम तेथून सुटतात. हे प्रमाण समीकरणात घातले म्हणजे प्रतिमान जिवंत माणसासारखे वागू लागते.

या ठिकाणी हृदयाकडे लक्ष दिले पाहिजे, कारण उष्णतेच्या लाटेत दगावणाऱ्या अनेकांच्या कागदांवर मृत्यूचे कारण म्हणून हृदयविकार लिहिलेला असतो. स्वस्थ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फेकते. कडक उष्णतेत केवळ त्वचेचीच मागणी मिनिटाला सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकते. स्वस्थ असता जे सगळ्या देहाला पुरत होते, त्याहून अधिक आता एकटी त्वचा मागते, आणि ओंडक्याला खांदा दिलेले स्नायूही आपला वाटा सोडावयास तयार नसतात. त्यातच घामावाटे पाणी गेल्यामुळे रक्ताचा एकंदर साठा घटलेला असतो, म्हणून प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि नाडी धावू लागते. तरुण हृदय हा ताण सोसते. साठीच्या हमालाचे हृदय तो सोसतेच असे नाही, आणि त्याला आलेली भोवळ ही अशक्तपणाची खूण समजून लिंबू-सरबतावर भागविली जाते.

प्रतिमान कितीही सूक्ष्म असले तरी ते कोणाच्या शरीराचे, हा प्रश्न विचारल्यावाचून त्याचा आकडा स्वीकारू नये. जाणवणारे तापमान म्हणून जो आकडा भ्रमणध्वनीवर रोज दिसतो, त्याच्या मुळाशी स्टेडमन याने १९७९ साली केलेले असेच एक प्रतिमान आहे, आणि त्यातील मनुष्य १.७ मीटर उंचीचा, ६७ किलो वजनाचा, सावलीत, मंद वाऱ्यात, साध्या चालीने चालणारा आहे. थेट उन्हात तो आकडा आठ अंशांपर्यंत वाढू शकतो, आणि खांद्यावर ओझे असले तर आणखी. लकडगंजातील हमाल त्या मनुष्यापेक्षा किरकोळ बांध्याचा आहे, उन्हात आहे, अधिक उष्णता निर्माण करीत आहे, आणि रात्री पत्र्याच्या खोलीत झोपून त्याचे शरीर दिवसाची साचलेली उष्णता पुरती फेडू शकत नाही. त्याच्यासाठी अधिक योग्य असे मापही उपलब्ध आहे. अमेरिकेच्या नौदल सैनिकांच्या शिक्षणतळांवर उष्माघाताने माणसे पडू लागली तेव्हा यॅग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ साली ओल्या फुग्याच्या तापमानाचे सात हिस्से, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोलकाच्या तापमानाचे दोन आणि साध्या तापमानाचा एक असे दहा हिस्से मिळून एक आकडा काढण्याची रीत घालून दिली. ऊन, वारा, दमटपणा आणि उष्णता हे चारही त्यात येतात. हे उपकरण हाताच्या पंज्यावर मावते, आणि ते एखाद्या आरागिरणीच्या दारात टांगण्यास कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

सरावाचा मुद्दाही प्रतिमानात शिरला पाहिजे. उष्ण हवेत रोज काम केल्याने एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो, त्यातील मिठाचे प्रमाण घटते आणि रक्तातील पाण्याचा भाग वाढतो. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत नव्या मजुरांना अशा रीतीने पायरीपायरीने सरावविण्याची पद्धत गेल्या शतकात रूढ झाली होती. अमेरिकेतील सरकारी नोंदींवरून असे दिसते, की उष्णतेने कामावर दगावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे कामाच्या पहिल्याच आठवड्यात गेली. म्हणून नव्या माणसास पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा पाचवा हिस्सा द्यावा आणि दररोज तेवढाच वाढवावा, अशी तेथील शिफारस आहे. भंडारा, गोंदिया, बालाघाट किंवा छत्तीसगडाकडून आलेला एखादा तरुण ऐन मे महिन्यात हजेरीपटावर चढतो आणि पहिल्याच दिवशी जुन्यांच्या बरोबरीने गाडी उतरवू लागतो, तेव्हा त्याच्या तारुण्याकडे पाहून कोणालाही त्याची काळजी वाटत नाही. समीकरणाच्या दृष्टीने त्या सगळ्या टोळीत सर्वाधिक धोका त्यालाच असतो.

आपल्या राज्यात दमट उष्णतेचा अतिशय दुःखद दाखला १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे मिळाला. महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी उघड्या मैदानात तासन्‌तास बसलेल्या भाविक जनसमुदायापैकी, सरकारी आकड्यानुसार, १४ जण दगावले, आणि त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. नागपूरकराला ३८ हा आकडा सुखद वाटावा असा आहे. हवामान विभागाच्या निकषानुसार सपाट प्रदेशात तापमान किमान ४० अंश असून नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढलेले असेल, किंवा ते ४५ अंशांस पोहोचले असेल, तर उष्णतेची लाट जाहीर होते; हा निकष उपयुक्त आहे, पण तो हवेच्या कोरड्या तापमानाचा निकष आहे, आणि मे महिन्यातील विदर्भाला तो जसा लागू पडतो तसा जून महिन्यातील विदर्भाला लागू पडत नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये, अभ्यासानुसार, १,३४४ अधिकचे मृत्यू झाले; त्यानंतर तेथील महानगरपालिकेने २०१३ साली उष्णता-निवारणाचा आराखडा अमलात आणला, आणि नागपूर महानगरपालिकेने २०१६ साली त्याचे अनुकरण केले. दुपारी उद्याने उघडी ठेवणे, चौकांतील सिग्नल भर दुपारी बंद ठेवणे, रुग्णालयांत शीत कक्ष राखणे, पाणपोया चालविणे अशा ज्या तजविजी त्यातून निघाल्या, त्या प्रशंसनीय आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे, की त्या तजविजींची मुदत मृगाच्या पहिल्या सरीबरोबर संपू नये, आणि त्यांचा आकडा रस्त्यावरून जाणाऱ्याच्या शरीराबरोबर ओझे वाहणाऱ्याच्या शरीरावरूनही काढला जावा.

लकडगंजातील गिरणीमालक, ठेकेदार आणि मुकादम यांच्याकडे म्हणून ही विनंती आहे. गाड्या उतरविण्याचे जड काम सकाळी दहाच्या आत आणि सायंकाळी उरकावे, दुपारी सावलीतील कापणीचे काम ठेवावे. प्रत्येकाला दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी मिळावे, आणि दिवसातून काही वेळा मीठ घातलेले ताक किंवा पन्हे मिळावे. ते मागण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. नव्या माणसाला पहिला आठवडा हलके काम द्यावे आणि त्यासाठी त्याची मजुरी कापू नये. पाऊस पडून गेल्यावर उघाडीच्या, वारा पडलेल्या दिवशी, पारा उतरला असला तरी, मे महिन्यातील विश्रांतीचे नियम तसेच चालू ठेवावेत. आणि एखादा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा निपचित पडला, तर एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि इतरांनी तिची वाट न पाहता त्याला सावलीत घेऊन, अंगावरचे कपडे सैल करून, बादल्यांनी पाणी ओतावे आणि वारा घालीत राहावे; शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.